काळा धागा पुसू नका

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक आणि सर्व अधिकारी-तंत्रज्ञ,
एनएफडीसी – राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय,
लॉ कॉलेज रस्ता, पुणे.

विषय : स्टंटपट, जादूपट, भूतपट आणि तत्सम ‘हलक्या’ चित्रपटांची डिजिटल दुरुस्ती करताना त्यांतले दोष न पुसण्याबाबत.

स.न.वि.वि.

राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत सुमारे २,२०० चित्रपटांची दुरुस्ती होणार, त्यासाठी ३६३ कोटी रुपये दिले जाणार, ही २०२२ मधली बातमी वाचून आमच्यासारख्या सिनेमावेड्यांना आनंद झाला होता. तो अजूनही आहे. पण मोठ्या घरच्या लग्नाची आमंत्रणं निघाली की गरीब नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो, तसा माझ्याही पोटात आला. माझे हे गरीब नातेवाईक म्हणजे नादियाचे मारधाडपट, बसंत पिक्चर्सचे उडते गालिचे, दारासिंगचे एकापाठोपाठ एक निघालेले कुस्तीपट आणि रामसे बंधूंच्या करकरणाऱ्या हवेल्या. वितरकांच्या भाषेत बी आणि सी ग्रेड. समीक्षकांच्या भाषेत तर यांना नावच नव्हतं, कारण त्यांच्यावर कुणी लिहायचंच नाही.

यांना यादीत घ्या, ही विनंती आहेच. पण मला जास्त काळजी वाटते ती यादीत घेतल्यानंतरची.

‘काला धागा’ हे एका माणसाचं टोपणनाव होतं, हे आपल्याला ठाऊक असेलच. सुरतेहून आलेले बाबुभाई मिस्त्री. १९३७ साली विजय भट्टांच्या ‘ख्वाब की दुनिया’त माणूस अदृश्य होतो आणि वस्तू आपोआप हवेत हलतात, असं दाखवायचं होतं. बाबुभाईंनी तेव्हा विशीही गाठली नव्हती. त्यांनी मागे काळा पडदा लावला, वस्तूंना काळा धागा बांधला आणि उजेड असा पाडला की धागा पडद्यात विरघळून गेला. एवढीच युक्ती. त्या धाग्यावर त्यांचं नाव पडलं आणि पुढची कित्येक दशकं हिंदी पडद्यावर देव प्रकटले, राक्षस उडाले, बाण हवेत भिडले, त्यामागे हाच माणूस किंवा त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं होती.

माझी भीती ही आहे, की ४के स्कॅनमध्ये, म्हणजे फिल्मच्या बारीकसारीक तपशील टिपणाऱ्या डिजिटल प्रतीत, हा धागा दिसेल. मग खुर्चीवर बसलेला एखादा तरबेज तरुण तो फ्रेममागून फ्रेम, माउसच्या एकेका टिचकीनं पुसून टाकेल. त्याच्या लेखी तो ओरखडाच. बुरशी, धूळ, चरे आणि धागा, सगळं एकाच फडक्यानं साफ.

ते होऊ नये, म्हणून हे पत्र.

आपल्या तंत्रज्ञांना मी काही शिकवायला निघालेलो नाही. पण हे पत्र इतरही लोक वाचतील, म्हणून हे काम कसं व्हायचं ते जरा जवळून बघू. समजा, पडद्यावर एक अक्राळविक्राळ राक्षस आहे आणि त्याच्या तळहातावर वीतभर उंचीची नायिका उभी आहे. हे कॅमेऱ्याच्या पोटातच जमवायचं. भिंगापुढे काळ्या पुठ्ठ्यानं चौकटीचा एक भाग झाकायचा आणि उरलेल्या भागात राक्षस टिपायचा. किती फूट फिल्म गेली ते वहीत लिहायचं. मग अंधारात फिल्म तेवढीच उलटी गुंडाळायची, पुठ्ठ्याची बाजू बदलायची आणि त्याच फिल्मवर, आधी कोऱ्या राहिलेल्या जागेत, दूर उभी केलेली नायिका टिपायची. वर आकाशात विजा हव्या असतील तर आणखी एकदा गुंडाळायची. धूर हवा असेल तर पुन्हा. चौथ्या वेळी कुणाचा पाय लागून कॅमेऱ्याची तिवई केसभर सरकली की आधीच्या तिन्ही वेळची मेहनत पाण्यात. आणि ती गेली की राहिली, हे लॅबमधून फिल्म धुऊन येईपर्यंत कळायचं नाही.

म्हणून त्या दृश्यांत दोन भागांच्या मधोमध एक रेष थरथरते. म्हणून नायकानं आवेशात हात पुढे केला की तो मनगटापासून गायब होतो आणि मागे घेतला की परत येतो. पडद्यावर ते क्षणभरच असतं, पण एकदा दिसलं की पुढच्या खेपेला डोळा तिकडेच जातो. मला तो हात राक्षसापेक्षा जास्त आवडतो. कारण त्या गायब मनगटात अख्खा सेट दिसतो. पुठ्ठा कुठे लावला होता, नटाला कुठवर हात न्यायला सांगितलं होतं आणि ऐन वेळी तो कसा विसरला, सगळं. आणि पुन्हा का घेतलं नाही? कारण फिल्म महाग होती. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर रेशन आलं, चित्रपटाच्या लांबीवर अकरा हजार फुटांची मर्यादा पडली. युद्ध संपल्यावरही बरीच वर्षं कच्ची फिल्म बाहेरूनच यायची. मोठ्या बॅनरला रिटेक परवडायचा. या चित्रपटांना नाही.

आपल्या कचेरीत या मुद्द्याला एक चांगलं उत्तर तयार असेल, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. १९५३ सालच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या हॉलिवूडपटात मंगळावरून आलेली यानं तारांना टांगलेली होती. त्या काळच्या टेक्निकलर प्रिंटमध्ये त्या तारा झाकल्या जायच्या. नंतरच्या काळातल्या घरगुती प्रतींमध्ये त्या लख्ख दिसू लागल्या. अलीकडच्या ४के दुरुस्तीत त्या संगणकावर पुसल्या गेल्या, कारण पहिल्या प्रेक्षकाला त्या दिसल्या नव्हत्या, मग आताच्या प्रेक्षकाला का दाखवायच्या? युक्तिवाद सरळ आहे. दिग्दर्शकाला तार दाखवायची नव्हती, हेही खरंच. बाबुभाईंना तरी धागा कुठे दाखवायचा होता?

तरी मला तो इथे लागू पडत नाही असं वाटतं. एक तर त्या चित्रपटाचा तेव्हाचा प्रिंट कसा दिसायचा याचे पक्के पुरावे तिकडे होते. आपल्याकडे या जातीच्या चित्रपटांची निगेटिव्हं बहुतेकदा उरलेलीच नसतात. असतो तो गावोगाव फिरून आलेला, तुटून जोडलेला प्रिंट. म्हणजे आपण स्कॅन करतो ते प्रेक्षकांनी पाहिलेलंच पान. त्यात धागा दिसत असेल तर तो पिटातल्या, म्हणजे पडद्यापुढच्या सगळ्यात स्वस्त जागेवरच्या, माणसालाही दिसला होता. त्यानं तो बघितला, शेजाऱ्याला कोपरखळी मारली आणि तरीही शिट्टी वाजवली. तो प्रेक्षक भाबडा होता, त्याला खरंच वाटायचं, हा समज पिटात कधी न बसलेल्यांचा. तिथे धागा शोधणं हाही खेळाचा भाग होता.

दुसरं, इथे धागा हीच कारागिराची सही आहे. श्रेयनामावलीत ‘ट्रिक फोटोग्राफी’ अशी एक ओळ यायची आणि तिच्याखालच्या मदतनिसांची नावं कधी यायची, कधी नाही. ज्यांनी धागे ओढले, पुठ्ठे कापले, प्लॅस्टरचे राजवाडे उभारले, त्यांच्या कामाचा पडद्यावर उरलेला पुरावा म्हणजे ते काम जिथे फसलं त्या जागा.

तेव्हा माझी मागणी माफक आहे. प्रदर्शनासाठी हवी तर झाडूनपुसून केलेली प्रत काढा. पण न पुसलेला मूळ स्कॅन, धाग्यासकट, जोडांसकट, सेन्सॉरच्या दाखल्यासकट, ‘मध्यंतर’च्या पाटीसकट, स्वतंत्र जपून ठेवा. आणि कुणी बघायला मागितला तर तो दाखवा.

आता जरा या चित्रपटांच्या खानदानाविषयी, कारण ‘हलके’ म्हणताना आपण कुणाला हलकं म्हणतो ते कळायला हवं. वाडिया मूव्हिटोन १९३३ साली परळच्या लवजी कॅसलमध्ये सुरू झालं. जहाजं बांधणाऱ्या वाडियांचा हा जुना वाडा. थोरले जमशेद वाडिया एम. ए. झालेले आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. धाकटे होमी दिग्दर्शन करायचे. १९३५ साली त्यांनी ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेल्या मेरी इव्हान्स, म्हणजेच नादिया, हिच्या हातात चाबूक दिला आणि ‘हंटरवाली’ पडद्यावर आणली. नादियाचं हिंदी अगाध होतं. पण ती धावत्या आगगाडीच्या टपावर स्वतः मारामारी करायची, भरल्या अंगाचे गडी डोक्यावर उचलून फेकायची आणि ‘डायमंड क्वीन’मध्ये स्त्रियांच्या शिक्षणावर भाषणही ठोकायची. १९४० साल होतं ते. त्या काळातल्या प्रतिष्ठित सामाजिक चित्रपटांतल्या नायिका काय करत होत्या, ते आपल्याच संग्रहात आहे, ताडून पाहावं.

१९४२ साली परळची ती जागा व्ही. शांताराम यांच्याकडे गेली आणि तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ ज्या आवारातली, त्याच आवारात आधी नादिया भिंतींवरून उड्या मारत होती. राजकमलच्या आठवणींवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. त्याआधीच्या बिऱ्हाडाविषयी मात्र आपण गप्प असतो.

होमी वाडियांनी वेगळं होऊन बसंत पिक्चर्स काढलं. ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२) मध्ये मीनाकुमारी होती, पुढच्या ट्रॅजेडी क्वीनचा मागमूस नसलेली, छान हसणारी. १९६३ साली बाबुभाईंनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘पारसमणी’नं लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी लोकांसमोर आणली. लक्ष्मीकांत कुडाळकरांचं नाव आपण अभिमानानं घेतो, ‘हँसता हुआ नूरानी चेहरा’ गुणगुणतो आणि ते गाणं कुठल्या चित्रपटातलं हे विचारल्यावर डोकं खाजवतो. नव्या माणसाला पहिली संधी द्यायला इथे कुणाचं काही जायचं नाही, आणि त्याला कमी पैशांत जास्त काम करायची सवयही इथेच लागायची.

दारासिंगविषयी थोडक्यात. १९६७ साली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या दोन वर्षं आधी, ‘चाँद पर चढाई’मध्ये दारासिंग तिथे पोचला होता. पोचल्यावर त्यानं काय केलं असेल? कुस्ती. यावर आणखी लिहिण्याची गरज नाही.

रामसेंवर मात्र लिहायला हवं, कारण त्यांच्या बाबतीत धोका वेगळाच आहे. फत्तेचंद रामसिंघानी, म्हणजे एफ. यू. रामसे, यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आलं. १९७० च्या त्यांच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’मध्ये मुखवटा चढवून पृथ्वीराज कपूर चोरी करतात, असा एक प्रसंग होता. चित्रपट पडला, पण त्या प्रसंगाला थिएटर शहारत होतं. पोरांनी ते हेरलं. मग सात भावांनी कामं वाटून घेतली. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, किरण आवाज, अर्जुन संकलन, केशू प्रकाशयोजना आणि निर्मिती. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला तळ ठोकून काढला. घरच्याच माणसांनी स्वयंपाक केला, घरच्याच माणसांनी दिवे उचलले. पुढे मुरुडच्या नवाबाचा राजवाडाही त्यांच्या भुतांनी झपाटला. स्ट्रॉबेरी आणि नारळाच्या गावांना हिंदी सिनेमातली अधिकृत भुतावळ अशी लाभली.

१९८४ चा ‘पुराना मंदिर’ घ्या. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं छाटून एका पेटीत बंद केलेलं आहे, धड देवळामागे पुरलेलं आहे आणि राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल असा त्याचा शाप आहे. सामरी झालेले अजय अग्रवाल रूरकीला शिकलेले इंजिनिअर. सहा फुटांहून उंच, हाडं वर आलेला चेहरा, रंगभूषाकाराचं निम्मं काम निसर्गानंच केलेलं. त्याच चित्रपटात ललिता पवार आहेत आणि सदाशिव अमरापूरकरही. ‘अर्धसत्य’मधला त्यांचा रामा शेट्टी त्याच्या आदल्याच वर्षीचा. नगरच्या या नटाला एका वर्षात देशभर वाखाणलं गेलं आणि पुढच्या वर्षी तो सामरीच्या मुलखात हिंडत होता. पोट दोन्हीकडून भरतं. संग्रहालयानं मात्र एकाच बाजूची आठवण ठेवली तर अर्धाच अमरापूरकर उरेल.

आणि मग मध्येच जगदीप येतो, मच्छरसिंग बनून, ‘शोले’ची नक्कल करत. भीतीचा पार चुराडा. ही भानगड मला कधीच पटलेली नाही आणि ती बघताना मी खुर्चीत चुळबुळ करतो. पण तीही तशीच राहू दे. भीतीच्या चित्रपटाला अख्खं कुटुंब यावं, लहान पोरांना मधे हसायला मिळावं, असा तो बाजाराचा हिशेब होता, आणि तो हिशेब तिथे पडद्यावर मांडलेला आहे.

रामसेंच्या बाबतीत धोका धाग्याचा नाही, रंगाचा आहे. गंगू रामसेंच्या प्रकाशात झाडामागून निळा उजेड येतो, जिन्यावर हिरवा पडतो, खिडकीतून लाल. आत कुठे दिवा आहे, बाहेर कुठे चंद्र आहे, असले प्रश्न तिथे विचारायचे नसतात. आता त्या काळातल्या रंगीत प्रिंटांचं काय होतं हे आपण जाणताच. आधी निळा-हिरवा उडतो आणि सगळं जग गुलाबी होऊन बसतं. मूळ रंग परत आणायला बसलेला माणूस शेवटी कातडीचा रंग कातडीसारखा करतो, कारण तेच त्याला शिकवलंय. इथे तसं केलं की सामरी मेला. कातडी हिरवी दिसावी अशीच तिथे योजना होती. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, आणि कॅमेरा सांभाळणारे गंगू २०२४ मध्ये. तो हिरवा नेमका किती हिरवा होता, हे त्यांना विचारण्याची सोय आता उरली नाही. पण त्यांच्या हाताखालचे लाइटमन, लॅबमध्ये प्रिंट काढणारे ग्रेडर, यांतली काही माणसं अजून मुंबईत आहेत. रंग ठरवायला बसाल तेव्हा त्यांच्यातल्या एखाद्याला शेजारी बसवा. मानधन द्या, गाडी पाठवा.

आपल्याआधी हे काम परक्यांनी सुरू केलं, याची मला थोडी लाज वाटते. ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ची नीटनेटकी डीव्हीडी मोंडो मॅकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीनं काढली. नंतर त्यांनी रामसेंच्या चित्रपटांचा ब्लू-रे संचही आणला. तिकडच्या चाहत्यांना महाबळेश्वर कुठे आहे हे ठाऊक नसेल, पण गंगूंचा हिरवा ते ओळखतात.

एक मुद्दा मात्र आपल्याच बाजूनं बोलायला हवा. आपल्याकडे पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याची कायद्यानं सक्ती आहे, चित्रपटांना तशी नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या चित्रपटांची प्रत संग्रहालयाकडे येते. याचा अर्थ सरळ आहे. ज्याला पुरस्कार मिळण्याची शक्यताच नव्हती तो आपल्या दारात आपोआप कधीच येणार नव्हता. त्याला जाऊन आणावं लागायचं. या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर ते करायचे. लॉबी कार्डं, गाण्यांची पुस्तिका, अर्धवट रिळं, जे मिळेल ते. कुठला चित्रपट थोर आणि कुठला टाकाऊ हे संग्राहकानं ठरवायचं नाही, या वृत्तीनं त्यांनी काम केलं. त्या वृत्तीचा वारसा आपल्याकडे आहे, म्हणूनच हे पत्र दुसरीकडे कुठे न जाता लॉ कॉलेज रस्त्यावर येतंय.

आणायला उशीर झाला की काय होतं, याचं एकच उदाहरण देतो. १९६६ साली बलवंत दवे यांनी ‘गोगोला’ नावाचा चित्रपट काढला. जपान्यांच्या गॉडझिलावरून सुचलेला, समुद्रातून निघून मुंबईवर चालून येणारा आपला देशी राक्षस. तो राक्षस कसा दिसायचा, चालायचा कसा, त्याच्या पोशाखाची चेन मागून दिसायची का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. चित्रपट हरवला. गाणी रेकॉर्डवर राहिली, पुस्तिका राहिली. बाकी शून्य. एका वाईट चित्रपटासाठी एवढी हळहळ कशाला, असं कुणी म्हणेल. पण तो वाईट होता हे तरी कुणी पाहून ठरवलंय?

भगवानदादांचंही तेच. ‘अलबेला’च्या आधी दादरच्या या पठ्ठ्यानं स्वस्तातले मारधाडपट धडाधड काढले. लेखन, दिग्दर्शन, अभिनय, सेटवरची व्यवस्था, सगळं अंगावर घेऊन. त्यांतले बहुतेक गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेले असं सांगतात. जुन्या काळची नायट्रेट फिल्म पेटली की पाण्यालाही जुमानत नाही, हे आपल्यासमोर मी काय सांगावं. २००३ ची आग आपण सोसलेली आहे. आणि जे आगीतून वाचलं त्यातलं कितीतरी चांदीसाठी गेलं. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरच्या थरातून चांदी निघते, म्हणून रिळं किलोच्या भावानं विकली जायची. अख्ख्या हंटरवाल्या कुणाच्या तरी पैंजणात असतील.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू लपवली तर ते वकीलपत्र होईल. या चित्रपटांत असे दोष आहेत ज्यांवर मला हसू येत नाही. जंगलपटांतले आदिवासी म्हणजे तोंडाला काळं फासलेले, डोक्यात पिसं खोचलेले, ‘हुर्र’ करत भाले नाचवणारे एक्स्ट्रा. बुटके, तृतीयपंथी, कुबडे फक्त हसायला किंवा घाबरवायला. जनावरांचे हाल तर उघड्या डोळ्यांनी दिसतात, घोडा खरोखर आपटतो. ऐंशीच्या दशकातल्या भूतपटांत ओल्या साडीवर आणि बळजबरीवर कॅमेरा ज्या सावकाशीनं फिरतो, ते बघताना शेजारी बायको-मुलगी असेल तर मान खाली जाते. आणि उचलेगिरी! रामसेंचा ‘महाकाल’ पाहिलेल्याला पंज्यांच्या पात्यांचा मूळ मालक हॉलिवूडचा फ्रेडी क्रूगर, हे सांगावं लागत नाही. हेही कापू नका. पुढे चार ओळींची पाटी लावा, काय आहे आणि का दाखवतोय ते लिहा, आणि दाखवा. कापलेल्या प्रतीत त्या काळाचा गुन्हाही पुसला जातो.

खेळानंतर चर्चा ठेवा, म्हणजे टवाळखोरांचीही सोय होईल. हल्ली शहरात असे चित्रपट ‘किती भंगार आहे बघा’ म्हणून लावायची टूम निघाली आहे. येणारी मंडळी पहिल्या दृश्यापासून मोठ्यानं हसतात, कारण हसायचंच ठरवून आलेली असतात. हसायला माझी हरकत नाही, मीही हसतो. पण चाळीस मिनिटं हसून झाल्यावर एखादा क्षण असा येतो की थिएटर गप्प होतं. एखादी सावली जिन्यावरून उतरते आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी पाय वर घेतं. दिव्याचं एक भांडं, थोडा धूर आणि दाराची करकर एवढ्या भांडवलावर ते साधलेलं असतं. ते कसं साधलं, हे सांगणारा माणूस तिथे पाहिजे. एफटीआयआय, म्हणजे चित्रपट प्रशिक्षण संस्था, शेजारीच आहे, प्रकाशयोजना शिकवणारी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत.

जत्रांमधले तंबू थिएटरही विसरू नका. पुसेगावसारख्या जत्रांत हे चित्रपट मूळ प्रदर्शनानंतर कैक वर्षं चालत राहिले. प्रिंट तुटला की ऑपरेटर दोन फुटं काढून टाकायचा आणि जोडायचा. गाणं लोकांना आवडलं तर ते दोनदा लावायचा, रटाळ भाग गाळायचा. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या दोन प्रती दोन लांबीच्या निघतात. दुरुस्तीत आपण त्यांतून एक ‘खरी’ प्रत तयार कराल, ते योग्यच. पण जोड कुठे होता याची नोंद ठेवा. कुठल्या जागी सगळ्यात जास्त जोड आहेत ते पाहिलं की लोकांनी कुठलं दृश्य सगळ्यात जास्त वेळा मागितलं तेही कळेल, आणि असा अहवाल कुठल्याच समीक्षकानं लिहिलेला नाही.

शेवटी कामाचं. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो. म्हणजे ‘पारसमणी’ चित्रपट म्हणून २०२४ पासून मोकळा झाला, आणि दर जानेवारीत आणखी एका वर्षाचे चित्रपट मोकळे होत जातील. गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न वेगळा आहे, तो आपला कायदा विभाग पाहीलच. संग्रहालयाच्या थिएटरात महिन्यातून एक संध्याकाळ या चित्रपटांना द्या. तिकीट कमी ठेवा, शनिवार नको, शनिवार मोठ्या चित्रपटांना असू द्या, बुधवार चालेल. आणि मराठी, हिंदी, गुजराती वर्तमानपत्रांत एक छोटी नोटीस द्या. परळ, गिरगाव, दादर, लॅमिंग्टन रोडच्या माळ्यांवर अजून डबे पडून आहेत, आणि घरातल्या पोरांना ते कुठे द्यायचे हे ठाऊक नाही. डबा गंजला असला तरी चालेल, उघडल्यावर सडत्या फिल्मचा व्हिनेगरसारखा वास आला तरी चालेल, शेवटचं रीळ नसलं तरी चालेल आणि चित्रपटाचं नाव कुणी ऐकलेलं नसलं तर अधिकच चालेल, असं त्या नोटिशीत ठळक अक्षरात छापा. खाली फोन नंबर द्या, आणि तो उचलायला माणूस ठेवा.

कळावे,

आपला,
पिटातला एक प्रेक्षक